दोन वॉर्ड एक झाले, आणि तुम्ही तिसरेच

पुण्या-नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला एक सवय असते. आजोबा ज्या मंडळीत जायचे तीच आपली मंडळी. घर बदललं, भाडं परवडेना म्हणून उपनगरात गेलो, तरी रविवारी दोन बस बदलून तिथेच. अमेरिकेतल्या युटा राज्यात आल्यावर ही सवय आधी मोडावी लागते. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्समध्ये, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात त्यात, तुमची मंडळी तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. नकाशावरच्या रेषेच्या आत जे राहतात ते एका वॉर्डाचे. रेषा कधी रस्त्याच्या मधोमध जाते, म्हणून समोरच्या फुटपाथवरचा शेजारी दुसऱ्या वॉर्डात आणि दोन गल्ल्या पलीकडचा तुमच्या वॉर्डात, असंही होतं. काही वॉर्ड मिळून स्टेक होतो. वॉर्ड होण्याइतकी माणसं नसली की तिला शाखा म्हणतात. मुंबई-पुण्याहून आलेल्या सभासदांना शाखा चांगली ठाऊक असते.

आणि या रेषा हलतात. सॉल्ट लेक सिटीच्या जुन्या भागात, बाउंटिफुलमध्ये, सँडीत, ओरेममध्ये घर घेतलंत किंवा भाड्याने राहिलात, तर दोनाचा एक झालेल्या वॉर्डात पोचण्याची शक्यता बरीच आहे. हा लेख अशांसाठी आहे: नुकतीच बदली होऊन आलेले, लग्न होऊन आलेले, शिकायला आलेले, भारतात बाप्तिस्मा घेऊन इथे आलेले, किंवा शेजाऱ्याने दहा वेळा बोलावलं म्हणून एकदा जाऊन बघू म्हणणारे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विलीन झालेल्या वॉर्डात नवखा माणूस दिसेनासा होतो. ‘अ’ वॉर्डातल्यांना वाटतं तुम्ही ‘ब’चे जुने सभासद, ‘ब’वाल्यांना वाटतं तुम्ही ‘अ’चे. दोघेही लांबून हसतात, कारण दोघांनाही आधीच शंभर नवी नावं पाठ करायची असतात. कुणी वाईट नसतं, पण तुम्ही आलात हेच कुणाच्या लक्षात येत नाही. पुढची सगळी पावलं या एका अडचणीभोवती आहेत.

आधी, हे का चाललंय

कारण कळलं तर माणसं अशी का वागतात ते कळतं. १८४७च्या जुलैत या चर्चचा तेव्हाचा नेता ब्रिगहॅम यंग आणि त्याच्याबरोबरचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले आणि दोन वर्षांतच, १८४९ मध्ये, सॉल्ट लेक सिटीचे १९ वॉर्ड पाडले गेले. तेव्हापासून इथे वॉर्ड म्हणजे नुसती रविवारची उपासना नाही. आजारपणात जेवण कोण पोचवणार, घर बदलताना ट्रक कोण भरणार, मुलांना कॅम्पला कोण नेणार, हे सगळं वॉर्डातून चालतं. त्यामुळे वॉर्ड बंद होणं म्हणजे आळी मोडण्यासारखं लागतं.

जुन्या वस्त्यांत मुलं मोठी होऊन गेली, आईवडील त्याच घरात राहिले. घरांच्या किमती अशा चढल्या की लहान मुलं असलेली जोडपी तिथे येऊच शकत नाहीत. ती सॅराटोगा स्प्रिंग्ज, ईगल माउंटन, हेरिमनकडे जातात. तिकडे वॉर्ड फुटून नवे होतात, इकडे जोडले जातात. शिवाय मुलं कमी होतात, काही जण चर्च सोडतात. २०२४ पासून वॉर्डाला किमान २५० सभासद हवेत असा निकष आहे, पण कागदावरच्या आकड्यापेक्षा नियमित येणारी मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं किती, हे जास्त बघितलं जातं.

एक खूण सांगते. इथे प्रभुभोजनाचे ट्रे बाकांवरून फिरवायचं काम बहुधा बारा-तेरा वर्षांची मुलं करतात, पांढरा शर्ट, किंचित तिरपा टाय. तुमच्या वॉर्डात ते ट्रे सत्तरीचे आजोबा फिरवताना दिसले, तर एक तर विलीनीकरण होऊ घातलंय किंवा व्हायला हवं होतं.

वॉर्ड शोधा, आणि नोंद हलवा

चर्चच्या संकेतस्थळावर सभागृह शोधायची सोय आहे. पत्ता टाकला की वॉर्डाचं नाव, इमारत आणि वेळ येते. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड आलटून पालटून भरतात, म्हणून इमारत बरोबर आणि वेळ चुकीची असं झालं तर तुम्ही भलत्याच मंडळीत बसता. आकाश कोसळत नाही, पण ओळखी वाया जातात.

सभासद असाल तर तुमची नोंद भारतातल्या शाखेतून इथे हलवायला वॉर्डाच्या क्लार्कला सांगा. क्लार्क म्हणजे पहिल्या रविवारी गाठायचा माणूस, बिशपपेक्षा, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखापेक्षाही आधी. बिशपभोवती गर्दी असते, क्लार्क आपल्या खोलीत संगणकापुढे बसलेला असतो आणि त्याला खरोखरच तुमचं नाव हवं असतं. विलीनीकरणात जुन्या सभासदांच्या नोंदी आपोआप नव्या वॉर्डात जातात, तुमची मधेच कुठे तरी अडकू शकते. मेंबर टूल्स नावाचं ॲप आहे, त्यात आपलं कुटुंब नव्या वॉर्डाच्या यादीत दिसतंय का ते पाहा. आणि तिथे स्वतःचा फोटो टाका. हसू नका. दोन वॉर्डांची माणसं एकमेकांची नावं रात्री त्याच यादीतून पाठ करत असतात.

सभासद नसाल तर यातलं काहीच करायचं नाही, सरळ आत जायचं. दारात पैसे नाहीत, मधे दानाची थाळी फिरत नाही. सभासद आपला दशमांश ऑनलाइन किंवा लिफाफ्यातून देतात.

मंदिर आणि सभागृह यांत घोटाळा होतो तो इथेच मिटवू. मधल्या चौकातलं प्रसिद्ध सॉल्ट लेक टेंपल बांधायला १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं लागली. ते आणि तशी इतर मंदिरं विशेष विधींसाठी असतात, रविवारी बंद. भारतातल्या पहिल्या मंदिराची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये बंगळुरूसाठी झाली आणि भूमिपूजन २ डिसेंबर २०२० ला. रविवारी आपण जातो ते साधं सभागृह, सगळ्यांना उघडं.

जाहीर होतं तो रविवार

कदाचित तुम्ही रुळायला लागाल तेवढ्यातच एकदा निरोप येईल: या रविवारी सगळ्यांनी आवर्जून या. कारण सांगत नाहीत. कुजबुज मात्र महिनाभर आधीपासून असते.

स्टेकचा प्रमुख, म्हणजे स्टेक प्रेसिडेंट, व्यासपीठावर येतो. बदलाला सॉल्ट लेकच्या मुख्य कार्यालयातून, चर्चच्या सर्वोच्च नेत्यांकडून, म्हणजे फर्स्ट प्रेसिडेन्सीकडून, मंजुरी आलेली असते. सभेपुढे तो प्रस्ताव म्हणून मांडला जातो आणि पाठिंबा असणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा. विरोध असेल तर त्यालाही हात वर करायची संधी असते, आणि मग स्टेक प्रेसिडेंट त्या माणसाशी नंतर बोलतो. तुम्ही सभासद नसाल तर हात खालीच ठेवा, कुणी बघत नाही. पाठोपाठ दोन्ही बिशप आणि त्यांचे सल्लागार मोकळे केले जातात, आभाराचे हात वर होतात, आणि नव्या बिशपचं नाव येतं. बिशप पगारी पाळक नसतो. सोमवारी तो आपल्या नोकरीवर असतो, कुणी दंतवैद्य, कुणी नळदुरुस्ती करणारा.

मी होते त्या सभेत पडद्यावर नकाशा लावला होता, नवी सीमा जाड लाल रेघेने. माझ्या पुढच्या बाकावरच्या आजींनी पर्समधून टिश्यू काढला, चष्मा वर करून डोळे पुसले, आणि पाठिंब्यासाठी हात वर केला तेव्हा तो टिश्यू मुठीतच होता. शेजारची तरुण बाई मात्र चक्क खूश होती. तिच्या मुलीला पहिल्यांदाच वर्गात तिच्या वयाची मैत्रीण मिळणार होती. दोघींचंही खरं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की बंद झालेल्या वॉर्डातली सगळी कामं, शिक्षकांपासून पियानो वाजवणाऱ्यापर्यंत, त्या क्षणी संपतात. पुढचे काही आठवडे कुणाला काय करायचं ते ठाऊक नसतं. नवख्याला याहून चांगली वेळ नाही.

पहिलं वाक्य तयार ठेवा

“हाय, मी अमुक” एवढं पुरत नाही. समोरचा मान हलवतो आणि मनात तुम्हाला दुसऱ्या वॉर्डाच्या खणात टाकतो. पहिल्याच वाक्यात सांगा: मी नवी आहे, तुमच्या दोन्ही वॉर्डांपैकी कुठल्याच नाही, गेल्या महिन्यात इथे आले. एवढं ऐकलं की चेहरा बदलतो. आपलं माणूस राहून गेलं की काय, अशी त्यांची धांदल उडते, आणि पुढची दहा मिनिटं तेच बोलतात.

इथे माणसं ब्रदर आणि सिस्टर लावून आडनावाने हाक मारतात. मग तुम्ही सिस्टर पाटील. वयाने मोठ्यांना पहिल्या भेटीत नुसत्या नावाने हाक मारू नये, आपल्यालाही ते जड जातं, त्यामुळे ही पद्धत आपल्या अंगवळणी लवकर पडते. आणि बोलताना शक्यतो ‘मॉर्मन’ म्हणू नका. २०१८ मध्ये तेव्हाचे चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव वापरा असं आवर्जून सांगितलं, तेव्हापासून बरेच जण त्याबाबत हळवे आहेत.

पोशाखाची फार काळजी करू नका. पुरुष पांढरा शर्ट आणि टाय घालतात, बायका स्कर्ट किंवा ड्रेस. साडी चालते, सलवार-कुर्ता चालतो, आणि विलीन वॉर्डात तर साडी फायद्याचीच: पुढच्या रविवारी तुम्ही कोण हे सगळ्यांना आठवतं.

बसायचं कुठे? नावं लिहिलेली नसली तरी बाकं वाटलेली असतात. दोन वॉर्ड आले की डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, असं काही महिने राहतं. मधल्या रांगेत बसा. उशीर झाला तर मागचा घडीचा पडदा सरकवून बास्केटबॉलच्या कोर्टावर लोखंडी खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे लहान मुलांचे आईबाप असतात, पायाखाली सांडलेला कोरडा नाश्ता, आणि ओळखी तिथेच सगळ्यात पटकन होतात.

दोन तास कसे जातात

२०१९ पासून रविवारची सभा तीन तासांवरून दोन तासांची झाली. पहिला तास सेक्रामेंट मीटिंग, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना. ब्रेड आणि पाणी, द्राक्षरस नाही. सभासद नसाल किंवा घ्यायचं नसेल तर ट्रे पुढे सरकवा, बस. प्रवचन पाळकाचं नसतं, वॉर्डातलीच दोन-तीन माणसं बोलतात, कधी सोळा वर्षांची मुलगी, कधी निवृत्त इंजिनिअर. काही भाषणं कंटाळवाणी असतात, हे आधीच सांगून ठेवते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुधा साक्षीची सभा असते. कुणीही उठून माइकपाशी जाऊ शकतं. त्या दिवशी उपास असतो, आणि तो साबुदाण्याच्या खिचडीवाला नव्हे. दोन वेळचं जेवण नाही, पाणीही नाही, आणि वाचलेल्या जेवणाइतके किंवा जास्त पैसे गरजूंसाठी द्यायचे. मधुमेह असेल, अंगावर पाजत असाल, तर करू नका, कुणी विचारणार नाही. विलीनीकरणानंतरच्या पहिल्या साक्षीच्या रविवारी जरूर जा. कोण कशामुळे दुखावलंय आणि कोण सांभाळून घेतंय ते एका तासात कळतं.

दुसरा तास वर्गांचा. लहान मुलं प्रायमरीत, मोठी माणसं आपापल्या वर्गात. घरी पळायचा मोह याच वेळी होतो. पळू नका. पहिल्या तासात आपण दुसऱ्यांच्या मानेमागे बसलेले असतो. ओळख होते ती वर्गात, खुर्च्या गोल मांडल्या की. बायकांची रिलीफ सोसायटी १७ मार्च १८४२ ला इलिनॉयच्या नॉवूत सुरू झाली. बाळंतपण, मयत, आजारपण यांतली जेवणं तिथेच ठरतात. वर्गात एक कागद फिरतो: अमुक सिस्टरचं ऑपरेशन झालंय, मंगळवारी जेवण कोण नेणार? नाव लिहा.

आणखी एक विचारायचं: आमच्या घरासाठी मिनिस्टरिंगला कोण आहे? २०१८ पासूनची ही पद्धत आहे, प्रत्येक घराकडे लक्ष द्यायला माणसं नेमलेली असतात. दोन वॉर्ड मिसळले की सगळ्या जोड्या नव्याने लावाव्या लागतात आणि नवी घरं यादीतून गळतात. बायकांनी रिलीफ सोसायटीच्या प्रेसिडेंटला विचारायचं, पुरुषांनी एल्डर्स कोरमच्या, म्हणजे पुरुषांच्या गटाच्या. आणि तसंच, मेसेजचा ग्रुप कुठला? जुने दोन ग्रुप सहा-सहा महिने चालूच असतात, तिकडे त्यांच्या जुन्या गप्पा. तुम्हाला तिसरा, नवा ग्रुप हवाय. तो नसेल तर तुमच्या विचारण्यामुळे निघेल.

खुर्च्या आणि डबा

काम मिळायची वाट बघू नका. कार्यक्रम संपला की लोखंडी खुर्च्या घडी करून लांब गाड्यांवर रचतात आणि गाड्या व्यासपीठाखालच्या कप्प्यात ढकलतात. त्या रांगेत जाऊन उभे राहा. खुर्च्या उचलणाऱ्याला कुणी ‘तू कुठल्या वॉर्डाचा’ विचारत नाही. स्वयंपाकघरात भांडी पुसायला उभं राहिलात तर आणखी चांगलं, तिथे खरी माहिती असते.

मग कधीतरी बिशपचा सल्लागार फोन करतो, जरा भेटूया का. याला कॉलिंग म्हणतात: मुलांचा वर्ग घ्या, वाचनालयाची किल्ली सांभाळा, कार्यक्रमांच्या समितीत या. विचार करायला वेळ मागता येतो, नाही म्हणता येतं. आपल्याकडची माणसं संकोचाने हो म्हणतात आणि मग रविवार चुकवायला लागतात. त्यापेक्षा तिथेच सांगा, माझं इंग्रजी बोलणं अजून अडखळतं, मला मुलांबरोबर द्या. मुलं उच्चार सुधारून देतात, फुकट.

जेवणावळी भरपूर असतात, विलीनीकरणाच्या वर्षी जरा जास्तच. २४ जुलै, म्हणजे पायोनियर डे, त्या सुमाराला सकाळी पॅनकेकचा नाश्ता, उन्हाळ्यात पार्कात जेवण, नाताळाची पार्टी. ‘फ्युनरल पोटॅटोज’ नावाचा पदार्थ भेटेलच: बटाटा, चीज, सावर क्रीम, वर कॉर्नफ्लेक्सचा थर. नाव मयताचं असलं तरी सणालाही असतो. चवीला तिखटमीठ कमी, पण दुसऱ्यांदा घेतला जातो.

आपला डबा काय न्यावा? पोहे नेऊ नका, गार झाले की त्यांची रया जाते. शंकरपाळे न्या, मुलं खिसे भरून नेतात आणि आया विचारत येतात. कोथिंबीर वडी चालते, मिरची निम्मी करून. गुलाबजाम हमखास संपतात. शेजारी कागदावर नाव आणि घटक लिहा, शेंगदाणा असेल तर ठळक. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे गंभीरपणे घेतात, आणि आपलं कूट कशात नसतं? स्वतःचं आडनाव चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या बुडाला लावा. डबा परत द्यायला येणारा माणूस म्हणजे आणखी एक ओळख.

चहाचं एकदाच सांगते. चर्चच्या आरोग्यनियमात चहा, कॉफी, दारू, तंबाखू नाही. नियम सभासदांना, तुम्ही घरी आलं घालून चहा प्यायलात तर कुणी भुवई उंचावत नाही. पण पाहुणे म्हणून बोलावलंत तर चहाऐवजी कोकम सरबत ठेवा. पन्हं त्याहून चांगलं.

दोन्हीकडचं ऐका, कुणाचीच बाजू घेऊ नका

सहा महिने तरी “आमच्या वॉर्डात आम्ही असं करायचो” हे ऐकावं लागेल. नाताळाला एकांची बसून जेवायची पद्धत, दुसऱ्यांची सकाळच्या नाश्त्याची. नव्या वॉर्डाला कुणाचं नाव राहिलं यावरून तर खोल दुखणं असतं. तुम्ही दोन्हीकडचे नाही, म्हणून दोन्हीकडचे लोक तुमच्यापाशी मोकळे होतात. ऐका. इकडचं तिकडे नेऊ नका, एवढा एकच नियम. “तुमच्याकडे चाळीस वर्षांत सगळ्यात मजेची गोष्ट काय झाली?” असं एखाद्या आजोबांना विचारून बघा, तक्रारीची कॅसेट थांबते आणि १९८३च्या वसंतात सॉल्ट लेकच्या रस्त्यांवरून पुराचं पाणी वाहत होतं, तेव्हा वाळूची पोती कशी भरली याची गोष्ट सुरू होते.

मराठी माणसं मात्र वॉर्डात मिळतील अशी आशा धरू नका. सॉल्ट लेक खोऱ्यात स्पॅनिश वॉर्ड आहेत, टोंगन आणि सामोअन आहेत, मराठी नाही. लीहायच्या आयटी कंपन्यांमुळे आपली माणसं आहेत, पण ती साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात किंवा कुणाच्या तरी घरी हळदीकुंकवाला भेटतील. दोन्हीकडे जा. स्पॅनिश फोर्कचं राधाकृष्ण मंदिर उभं राहताना या चर्चच्या लोकांनी पैशाने आणि हातांनी मदत केली होती, आणि तिथल्या होळीला प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतली पोरं रंगून निघतात, त्यामुळे तुम्ही कुठे जाता याचं इथे कुणाला फार आश्चर्य वाटत नाही.

नाहीच जमलं तर

अर्धं वर्ष जाऊनही कुणी नावाने हाक मारत नसेल, तर गप्प राहून गळून जाऊ नका. रिलीफ सोसायटीच्या प्रेसिडेंटला किंवा बिशपला सरळ सांगा, मला इथे एकटं वाटतं. अशा वॉर्डात त्यांना हे बहुधा माहीतच नसतं. शेजारच्या वॉर्डात मैत्रीण असेल तर तिच्याबरोबर अधूनमधून बसायला हरकत नाही, दार कुणी अडवत नाही. पण नोंद आणि कॉलिंग पत्त्याच्याच वॉर्डात राहतं, ते हलवायला वरची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. अविवाहित तरुणांसाठी वेगळे वॉर्ड असतात, विद्यार्थ्यांनी तिथे आधी चौकशी करावी. आणि सभासद नसलेल्यांनी मिशनरींना एवढंच सांगावं, यायला आवडतं, बाप्तिस्म्याचा विचार नाही. स्पष्ट सांगितलं की बहुतेक जण मानतात. मोघम हसलात की दर आठवड्याला फोन येतो.

शेवटचं म्हणजे जानेवारी. एकाच इमारतीतले वॉर्ड नव्या वर्षी वेळा बदलून घेतात, नऊवाले साडेदहाला किंवा बाराला जातात. विलीनीकरण झालेल्या वर्षी तर इमारतही बदलू शकते. पहिल्या रविवारी घरातून निघण्याआधी ॲप उघडून वेळ बघा.